दिवसा शेअर उघडतो, रात्री बॅकअप फेल होतो: नॅसच्या दारात नक्की कोण उभं आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: आठ-दहा जणांचं ऑफिस, एक नॅस (नेटवर्कवर सगळ्यांनी वापरायचा डिस्कचा डबा), त्यावर 'बॅकअप' नावाचा शेअर, म्हणजे नेटवर्कवरून उघडता येणारा फोल्डर, आणि एका विंडोज मशीनवरून रोज रात्री टास्क शेड्युलरने एक बॅच फाइल चालवून कामाच्या फाइल्स तिकडे कॉपी व्हायला पाहिजेत. दिवसा एक्सप्लोररमधून त्याच शेअरला जोडलेला झेड ड्राइव्ह मस्त उघडतो, फाइल टाकता येते, उडवता येते. रात्री मात्र लॉगमध्ये कधी 'पाथ सापडला नाही' तर कधी 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. जुनं मशीन बदलून नवीन विंडोज ११ आल्यापासून हे सुरू झालंय. शेअरला एव्हरीवन फुल कंट्रोल देऊन झालं, फायरवॉल बंद करून झाली, नॅस तीनदा रीस्टार्ट करून झाला.

आधी फायरवॉल परत चालू करा आणि ते एव्हरीवन काढून टाका, मग पुढचं वाचा. दिवसा त्याच मशीनवरून त्याच नॅसवर फाइल जातेय म्हणजे केबल, स्विच, फायरवॉल, नॅस सगळं ठणठणीत आहे, त्यांच्यामागे लागण्यात काही अर्थ नाही. फरक एवढाच आहे की दिवसा नॅसकडे जाताय तुम्ही आणि रात्री जातोय तो टास्क, आणि नॅसच्या नजरेत ही दोन वेगळी माणसं आहेत. तुम्हाला ओळखतो तो, टास्कला नाही ओळखत.

झेड ड्राइव्ह ही मशीनची मालमत्ता नाही, तुमच्या लॉगिनची आहे. तुम्ही लॉगिन केलंत की विंडोज तुमच्या सेशनमध्ये तो मॅप करतं, दुसऱ्या युजरने लॉगिन केलं तर त्याला दिसत नाही, आणि 'युजर लॉगिन असो वा नसो चालव' असं सेट केलेला टास्क तर स्वतःच्या वेगळ्या सेशनमध्ये चालतो, तिथे झेड नावाचं काही नसतंच. त्याहून गंमत म्हणजे तुम्ही स्वतः लॉगिन असताना कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलात तरी त्यात बहुतेक वेळा झेड दिसत नाही, कारण यूएसी (अ‍ॅडमिनचे अधिकार वापरण्याआधी परवानगी विचारणारी विंडोजची यंत्रणा) अ‍ॅडमिन माणसाला दोन टोकन, म्हणजे दोन ओळखपत्रं, देतं, एक साधं आणि एक वाढीव अधिकारांचं, आणि साध्यात केलेलं मॅपिंग वाढीवमध्ये जात नाही. यावर रजिस्ट्रीतली एक सेटिंग सांगणारे बरेच भेटतील. ती चालते पण रात्रीच्या टास्कला तिचा काडीचा उपयोग नाही, सोडून द्या. बॅच फाइलमध्ये जिथे जिथे झेड लिहिलंय तिथे \\नॅस\बॅकअप असा पूर्ण पाथ टाका, निम्म्या केसेस इथेच संपतात.

मी हे एकदा फार महागात शिकलोय. एका छोट्या ऑफिसात अगदी हाच प्रकार होता, मी अर्धा शनिवार पॅच कॉर्ड बदलण्यात आणि स्विचचे पोर्ट फिरवण्यात घालवला, रविवारी रात्री बॅकअप परत फेल. मग शेवटी डोकं जागेवर आलं आणि बॅच फाइलच्या सुरुवातीला दोन ओळी टाकल्या, एक 'हूअ‍ॅमआय' (कोणत्या नावाने चालतोय ते सांगणारी) आणि एक नुसती 'नेट यूज' (कोणते शेअर जोडलेत ते दाखवणारी), दोन्हीचं आउटपुट एका टेक्स्ट फाइलमध्ये. सकाळी ती फाइल उघडली तर पहिली ओळ 'एनटी ऑथॉरिटी\सिस्टिम' आणि खाली 'देअर आर नो एंट्रीज इन द लिस्ट'. संपलं. कोणीतरी टास्क बनवताना युजरच्या जागी सिस्टिम निवडला होता, 'जास्त अधिकार असलेला बरा' या हिशेबाने. आता कुठेही गेलो की सगळ्यात आधी या दोन ओळी टाकतो, नंतरच बाकी गप्पा. तुम्ही पण आज रात्रीच टाका.

सिस्टिम अकाउंटबद्दल हा गैरसमज फार आहे. आपल्या मशीनवर तो राजा, पण नेटवर्कवर बाहेर पडला की तो मशीनच्या नावाने ओळख देतो. डोमेन (सगळ्या मशीन-युजरची यादी एका सर्व्हरवर) असेल तर त्या मशीन अकाउंटला परवानगी देता येते, पण छोट्या ऑफिसात डोमेन नसतंच, वर्कग्रुप असतो, जिथे प्रत्येक मशीन आपापले युजर सांभाळतं, आणि नॅसला या मशीनचं नाव-गाव काही माहीत नाही. मग तो दारातूनच परत पाठवतो किंवा गेस्ट, म्हणजे बिनपासवर्डचा पाहुणा, समजतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तुम्ही जो नॅसचा पासवर्ड सेव्ह केलाय तोही तुमच्या युजरपुरताच, सिस्टिमला किंवा दुसऱ्या कुठल्या अकाउंटला तो दिसत नाही. आणि टास्कमध्ये तुमचंच अकाउंट टाकलंत पण 'पासवर्ड स्टोअर करू नका' या चौकटीत टिक राहिली, तरी तेच होतं: टास्क तुमच्या नावाने चालतो, लोकल फाइल्स वाचतो, पण नेटवर्कवर दाखवायला त्याच्याकडे पासवर्डच नसतो. त्या टिकच्या शेजारी लिहिलेलं असतं की फक्त लोकल रिसोर्सेस मिळतील, पण ते वाचतो कोण.

आता एररचा नंबर बघा. मेसेज वाचून लोक गोंधळतात, नंबर जास्त सरळ बोलतो. ५३ आला (किंवा शेवटी ३५ असलेला तो लांबलचक हेक्स आकडा, तो ५३ च आहे) तर तुम्ही नॅसपर्यंत पोचलाच नाहीत, नाव सापडलं नाही किंवा पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंग ज्या दारातून होतं ते) बंद आहे. ६७ आला तर सहसा नॅस सापडलाय पण त्या नावाचा शेअर तिथे नाही, नावात स्पेस किंवा स्पेलिंग बघा. १३२६ म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकला, ८६ म्हणजे पासवर्ड चुकला. ५ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण ५ आला तर पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही आणि ५३ आला तर परमिशन बदलत बसण्यात अर्थ नाही, आणि लोक नेमकं हेच उलटसुलट करत बसतात. तुमच्याकडे दोन वेगवेगळे मेसेज येतायत त्यावरून मला वाटतं की एकावर एक दोन गोष्टी आहेत: पाथचा मेसेज झेड ड्राइव्हमुळे, आणि मध्ये कधीतरी कोणीतरी पाथ बदलून बघितला असेल तेव्हा अ‍ॅक्सेस डिनाइड आलं असेल.

१२१९ वेगळ्याच जातीचा. एकाच सेशनमधून एकाच सर्व्हरला दोन वेगवेगळ्या युजरनेमने जोडायला विंडोज नाही म्हणतं. दिवसा टेस्ट करताना झेड ड्राइव्ह तुमच्या नावाने जोडलेला असतो आणि तुम्ही 'नेट यूज'ने बॅकअपच्या युजरने जोडायला जाता, लगेच १२१९, आणि मग पासवर्डच चुकीचा असेल असं वाटायला लागतं. रात्री वेगळ्या सेशनमध्ये हीच कमांड चालेलही. टेस्ट करायची तर आधी 'नेट यूज * /डिलीट' करून जुनी कनेक्शन तोडा, किंवा तात्पुरतं नावाऐवजी आयपी वापरा, विंडोजच्या लेखी नाव आणि आयपी हे दोन वेगळे सर्व्हर आहेत. कायमचा उपाय म्हणून मात्र ही युक्ती वापरू नका, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही कुठे नाव आहे आणि कुठे आयपी.

आता नवीन मशीनचा मुद्दा. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत दोन गोष्टी कडक झाल्या. प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये एसएमबी (विंडोज आणि नॅस फाइल्सची देवाणघेवाण ज्या भाषेत करतात ती) साइनिंग डीफॉल्टनेच सक्तीचं झालं, आणि प्रोमध्येही गेस्ट म्हणून आत जाणं बंद झालं (एंटरप्राइजमध्ये ते आधीपासूनच बंद होतं). साइनिंग म्हणजे प्रत्येक पॅकेटवर सही, आणि ती सही करायला लागणारी किल्ली युजरच्या लॉगिनमधून तयार होते, गेस्टकडे पासवर्डच नाही तर किल्ली कुठून येणार. म्हणजे वर्षानुवर्षं ज्या नॅसवर 'पासवर्ड कशाला, आपलेच लोक आहेत' म्हणून गेस्ट चालू ठेवला होता तो नवीन मशीनवरून अचानक नाकारतो, १२७२ येतो, मेसेजमध्ये ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीचा उल्लेख असतो, आणि मालक विचारतात आपण कधी पॉलिसी केली. पॉलिसी विंडोजचीच आहे. नॅस साइनिंग करत नसेल तर सही चुकीची असल्याचा, सिग्नेचरचा एरर येतो, त्याला उपाय म्हणजे नॅसच्या सेटिंगमध्ये साइनिंग चालू करणे, आणि फार जुना असेल तर फर्मवेअर अपडेट.

यावर सांगितला जाणारा शॉर्टकट म्हणजे गेस्ट परत चालू करा, साइनिंग बंद करा. आणि नॅस फारच म्हातारा असेल तर एसएमबी१ (एसएमबीची सगळ्यात जुनी आवृत्ती) इन्स्टॉल करा. पहिले दोन करायची गरजच नाही, नॅसवर एक युजर बनवायला दोन मिनिटं लागतात. तिसरं तर अजिबात नको. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) पसरलं ते याच एसएमबी१ मधल्या भोकातून, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी१ डीफॉल्टने येणं बंद व्हायला लागलं. ज्या नॅसला एसएमबी१ शिवाय दुसरं काही येत नाही त्याच्यावर बॅकअप ठेवणंच जोखमीचं आहे, डिस्क पण तेवढीच जुनी असणार ना. नक्की काय बोलणं चाललंय ते बघायचं तर दिवसा शेअर उघडा ठेवून अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये 'गेट-एसएमबीकनेक्शन' चालवा, एका ओळीत सर्व्हर, शेअर, कुठल्या युजरने जोडलंय आणि डायलेक्ट (एसएमबीची आवृत्ती) दिसतो. ३.१.१ किंवा ३.० दिसलं तर उत्तम. 'क्रेडेन्शियल'च्या रकान्यात भलतंच नाव दिसलं तर तिथेच तुमचं उत्तर आहे.

मी स्वतः कसं लावतो ते सांगतो. नॅसवर 'बॅकअपवाला' म्हणा किंवा काहीही म्हणा, असा एक युजर, ज्याला फक्त बॅकअपच्या शेअरवर लिहायची परवानगी, बाकी कुठेच काही नाही, अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये तर नाहीच. मग विंडोज मशीनवर अगदी त्याच नावाचा आणि त्याच पासवर्डचा लोकल युजर. वर्कग्रुपमध्ये ही जुनी पण पक्की पद्धत आहे, दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड जुळले की नॅस वेगळं काही न विचारता आत घेतो, क्रेडेन्शियल सेव्ह करायची भानगड नाही, बॅच फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहून ठेवायचा नाही. टास्क या युजरच्या नावाने, 'लॉगिन असो वा नसो', पासवर्ड स्टोअर करून. टास्कला बॅच जॉब म्हणून लॉगिन करायचा अधिकार लागतो, तो साध्या युजरला नसतो, मी त्याला मशीनवरच्या बॅकअप ऑपरेटर्स ग्रुपमध्ये टाकतो, तिथे हा अधिकार मिळतो. हा ग्रुप तसा ताकदवान आहे, म्हणून पासवर्ड लांबलचक ठेवा आणि या युजरने कोणी रोजचं काम करू नये.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करणाऱ्यांची इथे एक खास फजिती होते. रोज पिन टाकून आत जातात त्यामुळे खरा पासवर्ड विसरलेले असतात, टास्कला पासवर्ड विचारला की पिन टाकतात, तो चालत नाही, नॅसलाही पिन चालत नाही. वेगळा लोकल युजर बनवण्याचं हे अजून एक कारण.

परमिशन दोन मजली असतात हे विसरू नका. वरच्या मजल्यावर शेअरची परमिशन, खालच्या मजल्यावर फोल्डरची, आणि दोन्हीपैकी जी जास्त कडक ती लागू. शेअरवर रीड-राइट दिलं आणि आतला फोल्डर आधी अ‍ॅडमिनने बनवलेला असला तर बॅकअपच्या युजरला तो वाचता येईल, लिहिता येणार नाही, ५ येईल. आणि एक ५ असा असतो की ज्यात परमिशन सगळी बरोबर असते: रोबोकॉपीला (विंडोजची फाइल्स कॉपी करायची कमांड) कोणीतरी कुठूनतरी उचललेला /कॉपीऑल लावलेला असतो. त्याचा अर्थ फाइलसोबत मालक, परमिशन, ऑडिटची माहिती सगळं तिकडे लिही, आणि साधा युजर दुसऱ्याच्या नावाने मालकी लिहायला गेला की नॅस ५ देतो, नाहीतर १३०७. ते काढा. रोबोकॉपी आपणहून डेटा, अ‍ॅट्रिब्यूट आणि टाइमस्टॅम्प नेतो, छोट्या ऑफिसच्या फाइल बॅकअपला तेवढं पुरतं. रोज सगळ्याच फाइल्स नव्याने कॉपी होत असतील तर /एफएफटी लावून बघा, वेळेतला दोन सेकंदांचा फरक तो माफ करतो.

रोबोकॉपीचा विषय निघालाच आहे तर, त्याचं डीफॉल्ट म्हणजे एक फाइल गेली नाही तर दहा लाख वेळा परत प्रयत्न, दर दोन प्रयत्नांत ३० सेकंद. हिशेब करा, एका फाइलसाठी जवळजवळ वर्ष. म्हणून कधीकधी बॅकअप फेल झालेला दिसतच नाही, टास्क 'रनिंग' दिसतो, तीन-तीन दिवस रनिंग, आणि लोक समजतात काम चाललंय. /आर:२ /डब्ल्यू:५ (दोनदाच परत प्रयत्न, मध्ये पाच सेकंद) लावाच. दुसरं, टास्क शेड्युलरमध्ये शेवटचा रिझल्ट ०x१ दिसला की लोक घाबरतात, पण रोबोकॉपीत १ म्हणजे फाइल्स कॉपी झाल्या, छान झालं. ८ किंवा त्याच्या वर आला तरच गडबड. आणि /एमआयआर (दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करणारा पर्याय) वापरत असाल तर सांभाळून, जिथून कॉपी करायचं तो फोल्डर काही कारणाने रिकामा दिसला तर तो इमानदारीत तिकडचा बॅकअपही रिकामा करून ठेवतो.

५३ येत असेल तर एक्सप्लोररच्या नेटवर्क यादीत नॅस दिसतो का नाही यावर जाऊ नका, ती यादी वेगळ्या यंत्रणेवर चालते, तिथे न दिसणारा नॅस पाथ टाइप केल्यावर व्यवस्थित उघडतो. पिंग पण अर्धवट साक्षीदार आहे. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' करून पोर्ट ४४५ बघा, एकदा नावाने आणि एकदा आयपीने. आयपीने ट्रू आणि नावाने फॉल्स आलं तर नावाचा घोळ, दोन्हीने फॉल्स तर आयपी बदललाय किंवा नॅसने तुम्हाला ब्लॉक केलंय. हो, ब्लॉक. बऱ्याच नॅसमध्ये ऑटो ब्लॉक असतो, चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा आला की तो आयपीच बंद करतात, आणि रोज रात्री चुकीच्या पासवर्डने दार ठोठावणारा टास्क स्वतःलाच ब्लॉक करून घेतो. नॅसच्या लॉगमध्ये जाऊन रात्रीच्या त्या वेळेला कोणत्या नावाने कोण आलं होतं ते बघा, ही बाजू बघायची लोक विसरतातच, सगळा तपास विंडोजवर चालू असतो. आणि नॅसचा आयपी राउटरमध्ये रिझर्व्ह करून टाका.

फक्त रात्रीच होतंय म्हणजे वेळेचा पण संशय घ्या. मशीन स्लीपमध्ये जातं का, लॅपटॉप असेल तर टास्कच्या कंडिशन्समध्ये 'चार्जिंगवर असेल तरच सुरू कर' ही टिक आधीपासूनच असते, नॅसला रात्री बंद व्हायचं शेड्युल लावलंय का, डिस्क झोपलेल्या असल्या तर पहिला प्रयत्न टाइमआउट होऊन दुसरा चालतो. आणि एका ठिकाणी तर शेवटी निघणारा माणूस प्रामाणिकपणे सगळे स्विच बंद करून जायचा, त्यात नेटवर्कचा स्विच पण.

ऑफिसात एखादं लिनक्स मशीन असेल तर तिथला प्रकार उलटा आहे आणि जास्त वाईट आहे. शेअर माउंट झाला नाही तरी माउंटचा रिकामा फोल्डर जागेवर असतोच, आरसिंक (लिनक्सची कॉपी करायची कमांड) बिनबोभाट त्यात फाइल्स ओततो, एरर नाही, लॉग हिरवागार, आणि बॅकअप चाललाय मूळ डिस्कवरच, डिस्क भरेपर्यंत. स्क्रिप्टमध्ये आधी 'माउंटपॉइंट' कमांडने तपासा, नसेल तर तिथेच थांबा.

झेड ड्राइव्ह काढून टाकायचं अजून एक कारण आहे. रॅन्समवेअर आलं तर ते लॉगिन असलेल्या माणसाच्या अधिकाराने चालतं, त्याला झेड दिसला की मूळ फाइल्सबरोबर बॅकअपही एन्क्रिप्ट. बॅकअपचा शेअर रोजच्या युजरना लिहिता येणार नाही असाच ठेवा, आणि नॅसवर स्नॅपशॉटची (त्या त्या वेळची गोठवलेली प्रत ठेवायची) सोय असेल तर चालू करा.

आता टेस्ट. बॅच फाइलवर डबल क्लिक करून टेस्ट करू नका, ती तुमच्या नावाने चालते, म्हणजे परत तेच, दिवसाचं शेअर उघडणं. टास्क शेड्युलरमध्ये टास्कवर राइट क्लिक करून 'रन' द्या, आणि एकदा मशीनवरून साइन आउट करून, पाच मिनिटांनंतरची वेळ लावून चालू द्या. मग नॅसच्या फाइल मॅनेजरमध्ये नवीन आलेली एखादी फाइल निवडा आणि तिचा मालक बघा. तिथे तुमचं नाव असेल तर अजून कुठेतरी जुनं क्रेडेन्शियल शिल्लक आहे, ते शोधा. बॅकअपच्या युजरचं नाव असेल तर लागलं.